गाठ काढली, तरी पेशी पुढे गेलेल्याच

प्रश्न : वडिलांची ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाची) गाठ पूर्ण काढली, एमआरआयही स्वच्छ आला. तरी काही महिन्यांत ती परत उगवली. ऑपरेशनमध्ये काही राहून गेलं का?

राहिलं, पण तो सर्जनचा दोष समजू नका. एमआरआयवर दिसतो तो गाठीचा दाट भाग. तिच्या कडेबाहेर सुट्या पेशी निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात आणि त्या स्कॅनवर उमटत नाहीत. १९२८ मध्ये अमेरिकेत मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग काढून पाहिला. तरी आजार थांबला नाही. म्हणूनच आज रेडिएशन देताना गाठीच्या कडेपलीकडचा साधारण दीड-दोन सेंटिमीटरचा भागही त्यात घेतात.

प्रश्न : पेशी सरकते म्हणजे नेमकं काय होतं? त्यात प्रथिनांचं काम कोणतं?

पेशी आधी पुढच्या बाजूला एक बारीक फाटा काढते. आत ॲक्टिन या प्रथिनाचे धागे जुळत जातात, तसा तो लांबतो. इंटेग्रिन आणि सीडी-४४ ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आजूबाजूला पकड घेतात. सीडी-४४ धरतं हायल्युरॉनिक ॲसिडला, आणि मेंदूच्या पेशींमधल्या जागेत ते भरपूर असतं. एमएमपी-२, एमएमपी-९ ही विकरं (एन्झाइम) समोरचं जाळं कापतात.

खरी अडचण पुढे येते. फाटा फटीतून सहज जातो, पण केंद्रक जाड असतं आणि फट त्याहून अरुंद. तिथे मायोसिन-२ कामाला येतं. ते केंद्रकाच्या मागून आकुंचन पावतं आणि त्याला दाबून पुढे ढकलतं. त्याच वेळी क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात, पाणी बाहेर पडतं आणि पेशी बारीक होते. सगळा प्रवास बहुधा रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या कडेकडेने होतो. या वाटा मेंदूच्या गाठींचे अभ्यासक शेरर यांनी १९३८ मध्येच नोंदवल्या होत्या.

प्रश्न : मग यातलं एखादं प्रथिन औषधाने बंद का करत नाहीत?

करून पाहिलं. इंटेग्रिन रोखणाऱ्या सिलेंगिटाइडच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. एक पकड सुटली की पेशी दुसरी धरते, शिवाय निदान होईपर्यंत ती बरीच पुढे गेलेली असते. मला मायोसिन-२ वरचं काम जास्त आशेचं वाटतं, कारण पकड कोणतीही असो, केंद्रक ढकलावंच लागतं. मात्र हेच प्रथिन निरोगी पेशींनाही लागतं, त्यामुळे सुरक्षित औषध बनवणं फार कठीण आहे.

प्रश्न : रुग्णाच्या आहारातली प्रथिनं कमी करावीत का?

अजिबात नको. खाल्लेली प्रथिनं पचनात अमिनो आम्लांत मोडतात. वर सांगितलेली प्रथिनं पेशी स्वतःच्या जनुकांनुसार तयार करते. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर शरीराची झीज भरून यायला प्रथिनं लागतातच. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तेवढं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.