पत्रकारितेत यायचंय, मासकॉमची पदवी घ्यावी का? आणि चांगली पत्रकारिता नेमकी कशाला म्हणायचं?

घ्या नाहीतर राहू द्या. मी साधा बी.ए. मराठी. बरीच वर्षं तालुका वार्ताहर होतो. मानधन नावापुरतं, वर पुरवणीच्या जाहिराती आणायच्या आणि कमिशनवर भागवायचं. डेस्कवरचे, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तपासणारे, डिग्रीवाले आम्हाला पत्रकारात धरत नसत. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, 'दर्पण'कार जांभेकरांच्या फोटोला हार घालायला मात्र आठवणीनं बोलवत.

२०१३ चा दुष्काळ, मराठवाडा. सरकारी प्रेसनोट आली, एका गावाला रोज टँकरच्या चार खेपा. मी आहे तशी टाइप करून पाठवली, छापून आली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्या गावच्या एका मावशीनं गाठलं. म्हणाली, "भाऊ, ते चार टँकर कुठं रिते होतात तेवढं सांगा, घागर घेऊन जाते."

पहाटे गाडी काढली आणि गावच्या विहिरीवर जाऊन बसलो, अंधार पडेपर्यंत. टँकर एकच आला, साडेअकराला. तोही पुरता भरलेला नव्हता, मी वर चढून काठी घालून पाहिलं. पुढचे दोन दिवस तेच. नोंदवहीत रोजच्या चार खेपा, सगळ्या सह्या एका हाताच्या.

बातमी डेस्कवरच्या साहेबांनी अडवली. "अधिकाऱ्यांची बाजू कुठंय?" मी म्हणालो, तीन दिवस विहिरीवर मी होतो, ते नव्हते. बातमी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरात झळकली (चूक माझीच, टपरीवर बोललो होतो). मग आमच्याकडं आतल्या पानात सिंगल कॉलम, बायलाइन, म्हणजे माझं नाव, नाही.

तर प्रेसनोटमधली खेप विहिरीवर जाऊन मोजणं, याला मी पत्रकारिता म्हणतो. टँकरची बिलं माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येतात, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत, तोवर पाऊस पडून जातो.

आता हेही सांगतो, अधिकाऱ्यांना फोन लावून त्यांचं म्हणणं विचारायला हवंच होतं. बदनामीचा दावा लागला असता तर मी उघडा पडलो असतो. हे कोर्सात शिकवतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून आलेली एक पोरगी आमच्याकडं होती, तिची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, माझ्यापेक्षा स्वच्छ. कोर्टाच्या बातम्या करायच्या असतील तर शिकूनच या.

पण साहेब, वाचत असाल तर, अधिकाऱ्यांना तो फोन तुम्हीही लावू शकला असता. नंबर तुमच्याच टेबलामागं भिंतीवर लिहिलेला होता.