डिस्को एलिसियम अर्ध्यात सुटतो? रिलोडची सवय, फाशांचं गणित आणि पुढे काय खेळावं

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. डिस्को एलिसियम हा पोलिस-तपासाचा व्हिडिओ गेम दोनदा सुरू करून पहिल्याच दिवशी सोडलात. चेक (म्हणजे फासे टाकून होणारी परीक्षा) फसला की लगेच रिलोड करता, म्हणजे आधीचा सेव्ह उघडून पुन्हा खेळता. आणि यानंतर याच जातीचे छोट्या स्टुडिओंचे कुठले गेम घ्यावेत, त्यात आपल्याकडचं काही आहे का, हेही विचारलं आहे. पहिल्या दोन गोष्टींवर जास्त लिहितो, कारण गेम सुटण्याचं कारण बहुतेक रिलोडमध्येच आहे.

लढाईच्या आरपीजीत (पात्र घडवत खेळायच्या गेममध्ये) रिलोड करणं बरोबर असतं. तिथे हरलं की पुढे काही लिहिलेलंच नसतं, ‘गेम ओव्हर’ची पाटी येते. झेडए/यूएमचा २०१९ चा हा गेम तसा नाही. यात लढाईची वेगळी यंत्रणाच नाही, जे काही होतं ते संवादात होतं, आणि फसलेल्या चेकची फांदी यशाच्या फांदीइतकीच मेहनतीने लिहिलेली आहे, कित्येकदा जास्तच. सुरुवातीचंच उदाहरण घ्या. हॉस्टेलचा मॅनेजर गार्ट खोलीच्या नुकसानीचे पैसे मागतो आणि तुम्ही ते न देता पळण्याचा पर्याय निवडता. चेक फसला की तुमचा पोलिस दोन्ही हातांनी अश्लील खुणा करत उलटा उडी मारतो आणि व्हीलचेअरवर बसलेल्या म्हातारीवर जाऊन आदळतो. हा माणूस स्वतःला काय समजतो आणि खरा कसा आहे, ते या एका प्रसंगात कळतं. रिलोड करणाऱ्याला हा प्रसंग कधीच दिसत नाही. असे डझनभर प्रसंग खोडून टाकले की उरतो तो एक हुशार, नीटनेटका पोलिस. तो या गोष्टीचा नायकच नाही, म्हणून कंटाळा येतो.

आता यंत्रणा. चेक दोन रंगांचे. पांढरा चेक फसला तर तो बंद होतो, पण त्या स्किलमध्ये (पात्राच्या त्या कौशल्यात) एक पॉइंट घातला किंवा संबंधित परिस्थिती बदलली की पुन्हा उघडतो. लाल चेक एकदाच मिळतो. यावरून पहिला नियम असा की लेव्हल वाढल्यावर मिळालेला पॉइंट लगेच खर्च करू नका. दर १०० एक्सपीला (अनुभवाच्या आकड्याला) एक पॉइंट मिळतो. एकदोन नेहमी शिल्लक ठेवा आणि महत्त्वाचा पांढरा चेक फसला की तिथे वापरा. सगळे पॉइंट आधीच वाटून टाकले, तर बंद चेकसमोर काहीच करता येत नाही आणि मग हात आपोआप क्विक लोडकडे जातो.

पांढऱ्या आणि लाल प्रत्येक चेकला दोन फासे पडतात. त्यांची बेरीज, तुमचं स्किल आणि मॉडिफायर (परिस्थितीने मिळणारे अधिक-उणे आकडे) मिळून ठरलेला आकडा गाठायचा असतो. फाशांवर ७ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५८ टक्के. ८ हवे असतील तर ४२, ९ ला २८, १० ला १७ आणि ११ ला ८. समजा अडचण १२ आहे आणि स्किल ४. म्हणजे फाशांवर ८ हवेत, शक्यता ४२ टक्के. एक पॉइंट घातला की ती ५८ होते, जवळपास १७ टक्क्यांची उडी. तोच पॉइंट ८ टक्क्यांच्या चेकवर घातला तर शक्यता १७ होते, म्हणजे उडी निम्मीच. पॉइंट मधल्या पट्ट्यातल्या चेकवर सर्वांत जास्त फळ देतो, टोकाच्या चेकवर वाया जातो. दोन्ही फाशांवर सहा पडले तर नेहमी यश आणि दोन्हींवर एक पडला तर नेहमी अपयश, म्हणून स्क्रीनवर ३ च्या खाली आणि ९७ च्या वर आकडा दिसत नाही.

चेक टाकण्याआधी कर्सर त्यावर नेऊन मॉडिफायरची यादी वाचा. आधीच्या संवादात एखादी गोष्ट विचारली असेल तर तिथे अधिक एक, अधिक दोन दिसतं. कुणाला दुखावलं असेल तर उणे दिसतं. कपड्यांवरही एखाद्या स्किलला अधिक एक असतो, म्हणून चेकच्या आधी जॅकेट किंवा बूट बदलणं यात मुळीच फसवणूक नाही. लाल चेक समोर आला आणि शक्यता कमी असली तर संवाद सोडून बाहेर पडता येतं का ते पाहा आणि आजूबाजूच्या लोकांशी बोलून मॉडिफायर गोळा करा. रिलोडपेक्षा ही वाट खूप समाधान देते, कारण ती तपासाचीच वाट आहे.

आता बिल्ड, म्हणजे पात्र कसं घडवायचं ते. इंटेलेक्ट, सायकी, फिजिक आणि मोटरिक्स असे चार गुण, प्रत्येकाखाली सहा स्किल, एकूण २४. वाटायला १२ पॉइंट, प्रत्येक गुण किमान १ आणि कमाल ६. गुण जेवढा, तेवढेच पॉइंट त्याखालच्या स्किलमध्ये पुढे घालता येतात, ही गोष्ट नवखे विसरतात. पहिल्या खेळासाठी इंटेलेक्ट ३, सायकी ४, फिजिक २, मोटरिक्स ३ अशी वाटणी मी सुचवेन. फिजिक १ ठेवू नका. हेल्थ एंड्युरन्सवर ठरते, एंड्युरन्स फिजिकखाली येतं, आणि ते १ असलं तर पहिल्याच खोलीत छताच्या पंख्याला अडकलेला टाय ओढताना हृदयविकाराचा झटका येऊन खेळ संपू शकतो. मोराल (मनोबल) व्होलिशनवर ठरतं आणि व्होलिशन सायकीखाली येतं, म्हणून सायकी ४. हेल्थ किंवा मोराल शून्यावर गेलं की काही क्षण मिळतात. तेवढ्यात पोर्ट्रेटजवळच्या औषधाच्या खुणेवर क्लिक केलं तर वाचता. हेल्थसाठी नोसाफेड, मोरालसाठी मॅग्नेशियम, दोन्ही एकेक जवळ असलंच पाहिजे.

एक गोष्ट ठासून सांगतो. स्किल जास्त असणं म्हणजे शहाणपण नव्हे. ही २४ स्किलं तुमच्या डोक्यात बोलणारे २४ आवाज आहेत आणि प्रत्येकाला आपलंच घोडं पुढे दामटायचं असतं. इलेक्ट्रोकेमिस्ट्री वाढवलं की दारू-सिगारेटचा आग्रह वाढतो. अथॉरिटी वाढवलं की प्रत्येकाला दमात घ्यायला सांगतं. ड्रामाला जिथे तिथे नाटक दिसतं. हे आवाज पॅसिव्ह चेकमधून येतात, तिथे फासे पडत नाहीत, स्किल पुरेसं असलं की ते बोलतातच. त्यांचं ऐकलंच पाहिजे असं नाही. शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या जोडीदार पोलिसाचा, किम कित्सुरागीचा, चेहरा आणि त्याची छोटी वाक्यं हा जास्त भरवशाचा मापदंड आहे.

वेळेची भीती काढून टाका. घड्याळ फक्त संवाद आणि नवा मजकूर वाचताना पुढे सरकतं. चालताना, कपाटं उघडताना, नकाशाभर धावताना ते थांबलेलं असतं. पहिल्या दिवशी खरी अडचण पैशांची असते. त्यासाठी पिवळी प्लास्टिकची पिशवी हातात धरून रस्त्यावरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करा आणि फ्रिट नावाच्या दुकानात द्या. नको असलेल्या वस्तू गहाणवटीच्या दुकानात विका. कालव्याचा बंद पूल तिसऱ्या दिवशी उघडतो, त्यामुळे पहिले दोन दिवस पलीकडे जायची वाट शोधत फिरू नका.

थॉट कॅबिनेटमध्ये, म्हणजे पात्राच्या विचारांच्या कपाटात, विचार ठेवायला जागा उघडावी लागते, तिला एक पॉइंट. नको असलेला विचार काढून टाकायलाही एक पॉइंट. म्हणून प्रत्येक विचार मिळाला की भरू नका. ‘जामे वू’ लवकर पूर्ण केला तर फिरताना दिसणाऱ्या, क्लिक करायच्या प्रत्येक छोट्या वर्तुळावर एक एक्सपी जास्त मिळतो, सुरुवातीला तो फायद्याचा. सेव्ह संवादाच्या मधे करता येत नाही. दर दिवसाच्या सुरुवातीला एक वेगळा सेव्ह ठेवा, तेवढं पुरे. क्विक सेव्हची कळ विसरा.

इंग्रजी जड जातं असंही तुम्ही लिहिलं आहे. इथे एक गैरसमज होतो. अडलेले बरेचसे शब्द शब्दकोशात सापडणार नाहीत, कारण ते या जगापुरते आहेत. ‘इसोला’ म्हणजे या जगातला भूखंड, ‘पेल’ म्हणजे भूखंडांच्या मधली पोकळी, आणि ‘इनोसन्स’ हा निरागसपणा नसून इतिहासातल्या एका प्रकारच्या सर्वोच्च व्यक्तीची पदवी आहे. हे तीन कळले की निम्मा गोंधळ जातो. २०२१ च्या ‘फायनल कट’ या सुधारित आवृत्तीत सगळे संवाद आवाजात आहेत आणि २४ही स्किलांचा आवाज लेनव्हाल ब्राउनचा आहे. आवाज ऐकत वाचा, सेटिंगमध्ये मजकुराचा आकार वाढवा आणि एका बैठकीत दीड तासाच्या वर खेळू नका. हा गेम दहा लाखांहून जास्त शब्दांचा आहे. थकलेल्या डोळ्यांनी वाचला तर त्यातलं काहीच पोचत नाही.

एवढं करूनही रिलोडची सवय जात नसेल तर आधी सिटिझन स्लीपर खेळा. गॅरेथ डेमियन मार्टिन यांच्या जंप ओव्हर द एजचा हा २०२२ चा गेम लहान आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि त्यात फासे आधी पडतात, काम नंतर निवडायचं असतं. दर सायकलला (गेममधल्या एका दिवसाला) जास्तीत जास्त पाच फासे मिळतात. शरीराची कंडिशन खालावली की फासे कमी होतात. म्हणजे नशीब समोर मांडलेलं असतं, प्रश्न फक्त कुठला फासा कुठे लावायचा. सहा-पाच धोकादायक कामाला, मधले ‘सेफ’ लिहिलेल्या कामाला. एक-दोन वाया गेले असं वाटतं, पण हॅकिंगच्या जागांना नेमका तोच आकडा लागतो, मग तो एक असो की सहा. हे लक्षात न आल्याने अनेकजण पहिल्या काही सायकलींत लहान फासे धोक्याच्या कामाला लावतात आणि तब्येत घालवून बसतात. एनर्जी शून्यावर जाऊ देऊ नका, उपाशी राहिलं की कंडिशन भराभर उतरते. या गेमचा दोषही सांगतो. साधारण निम्म्यावर पैसा आणि औषध सहज मिळू लागतं आणि सुरुवातीची धाकधूक संपते. २०२५ च्या दुसऱ्या भागात ताण आणि मोडणारे फासे आणून ते दुरुस्त केलं आहे, पण पहिल्या भागातली माणसं मला जास्त जवळची वाटतात.

त्यानंतर रोडवॉर्डन. २०२२ चा, मॉरल अँग्झायटी स्टुडिओचा. जवळजवळ सगळा मजकूर आणि तपकिरी पिक्सेल-चित्रं. एका जंगली प्रदेशात ४० दिवस तुम्हाला रस्ते राखायचे आहेत. अडचणीची पातळी बदलली की दिवसही बदलतात. इथे वेळ खरोखर संपतो, म्हणून डिस्कोची ढिलाई चालणार नाही. संध्याकाळी कुठल्या छपराखाली पोचणार हे सकाळीच ठरवा, अंगावरचे कपडे आणि स्वच्छता राखा, कारण लोक त्यावरून तुमच्याशी वागतात. बोलताना पाच सूर मिळतात: मित्रत्वाचा, खेळकर, अलिप्त, धाकाचा आणि हळवा. सगळीकडे मित्रत्वाचा सूर लावणं ही सर्वांत मोठी चूक. काही माणसं अलिप्त माणसावरच विश्वास ठेवतात. काही ठिकाणी गावाचं किंवा माणसाचं नाव स्वतः टाइप करावं लागतं, तेव्हा शेजारी वही ठेवा आणि नावं स्पेलिंगसह उतरवा.

नॉर्को आणि केंटकी रूट झिरो सध्या बाजूला ठेवा. दोन्ही उत्तम आहेत. पण केंटकी रूट झिरोचे पाच अंक २०१३ ते २०२० या काळात सावकाश आले आणि ते तसेच सावकाश खेळायचे आहेत. तिथे निवड शेवट बदलत नाही, पात्राच्या मनातलं काय बोलायचं एवढंच ठरवते. ‘माझ्या निर्णयाने काय बदललं’ हे शोधत गेलात तर निराश व्हाल. रिलोडबद्दल आणखी धडा हवा असेल तर टोबी फॉक्सचा २०१५ चा अंडरटेल आहे. तुम्ही एखाद्याला मारून, रिलोड करून, मग सोडून दिलंत तरी त्या गेमला ते आठवतं आणि तो तोंडावर बोलून दाखवतो.

आपल्याकडचं विचारलंत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (२०२०) देखणा आहे. पहाडी शैलीची चित्रं, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे जाणारं कथन, २०२२ च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाजही. पण तो लढाई आणि उड्यांचा गेम आहे, त्यात संवादातले निर्णय नाहीत. आरपीजी म्हणून घेऊ नका. गुजरातमधल्या ‘चला’ नावाच्या ठिकाणच्या स्टुडिओ ओलिओमिंगसचे छोटे गेम मजकूर वाचण्याची आवड असणाऱ्याला भावतील. त्यांतले काही इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि एका बैठकीत संपतात.

आणि टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा वेंबा (२०२३). कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, दीड तासाच्या आसपास. पहिलाच प्रसंग इडलीचा. आईची पाककृतींची वही फाटलेली, डाग पडलेली, आणि पुसलेल्या ओळी तुम्ही डोकं वापरून भरायच्या. ज्यांनी घरी इडलीपात्र हाताळलं आहे त्यांना भोकं असलेल्या ताटल्या एकमेकांवर कशा ठेवायच्या हे कोडं वाचायच्या आधीच सुटेल. तिथेही पहिल्यांदा चुकलात तर रिलोड शोधू नका. गेम पुन्हा करायला देतो.