स्वतंत्र चित्रपटांत बाईला करिअर करता येतं, की एक चित्रपट करून थांबावं लागतं?

तुम्ही विचारलंय की तुमचा १८ मिनिटांचा लघुपट दोन फेस्टिव्हलांत दाखवला गेला, आता पूर्ण लांबीची पटकथा तयार आहे, तर नोकरी सोडून तिच्यामागे लागावं का? आणि शेवटी एक ओळ जोडलीत: बाईला स्वतंत्र चित्रपटांत खरंच करिअर करता येतं, की एखादा चित्रपट करून थांबावं लागतं? मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे.

मी संकलक आहे. गेली १७ वर्षं बहुतेक कमी पैशांत झालेले चित्रपटच माझ्या टेबलावर आले, आणि त्यांतले पुष्कळसे बायकांचे पहिले चित्रपट होते. काहींचा रफ कट (पहिलं कच्चं संकलन) पाहतानाच अंगावर काटा आला होता. पण दुसरा चित्रपट घेऊन परत आलेल्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांनी नाद सोडला असं नाही. कुणी पटकथेचा नववा खर्डा लिहितेय, कुणी दुसऱ्यांच्या मालिकांचे भाग लिहून घर चालवतेय. एकीचा दर वर्षी फोन येतो, "या वर्षी नक्की." मला दर वर्षी ते खरं वाटतं, आणि वर्ष सरलं की पोटात तुटतं.

म्हणून माझं उत्तर असं, की पहिला चित्रपट तुम्ही कराल. आत्तापासून विचार करायचा तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या वर्षांचा.

पहिला चित्रपट साठलेल्या पुंजीवर होतो. तुमची बचत, कॉलेजचे मित्र, उसना कॅमेरा, अर्ध्या मानधनावर येणारा छायालेखक, ओळखीच्यांचं घर, घरच्यांनी दिलेली दोन वर्षं. ही पुंजी एकदाच मोडता येते. शिवाय नवोदितांसाठी दारं बरीच असतात: पहिल्या चित्रपटाच्या ग्रँट, पटकथेच्या लॅब म्हणजे कार्यशाळा, फेस्टिव्हलांमधले पदार्पणाचे विभाग. दुसऱ्या वेळी त्यांतली बरीच दारं लागलेली असतात, मित्रांना मुलंबाळं झालेली असतात, आणि निर्माता एकच विचारतो, पहिल्याने किती कमावले? बाई आणि पुरुष यांच्यातला फरक मला सगळ्यात उघड दिसला तो इथे. तेवढीच कमाई, तेवढीच परीक्षणं. पण त्या मुलाला 'याच्यात काहीतरी आहे' म्हणून एखादी जाहिरात मिळते, मालिकेचे दोन भाग मिळतात, त्यावर त्याची मधली वर्षं निघतात. तिला विचारतात, "बजेट सांभाळता येईल ना?" ती बजेटमध्येच चित्रपट करून आलेली असते.

बार्बरा लोडनचं नाव ऐकलं नसेल तर शोधा. अमेरिकन अभिनेत्री. 'वांडा' तिने लिहिला, दिग्दर्शित केला, मुख्य भूमिकाही स्वतः केली. १६ मिमीवर, चौघांच्या चमूत, साधारण १ लाख १५ हजार डॉलरमध्ये. १९७० मध्ये व्हेनिसच्या फेस्टिव्हलला त्याला पारितोषिक मिळालं. त्यानंतर ती दहा वर्षं जगली, लिहीत राहिली, पण पूर्ण लांबीचा दुसरा चित्रपट काही उभा राहिला नाही. १९८० मध्ये ४८ व्या वर्षी कॅन्सरने गेली. आणि जूली डॅश. तिचा १९९१ चा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा अमेरिकेत सर्वत्र थिएटरांत लागलेला आफ्रिकी-अमेरिकी बाईचा पहिला कथापट मानला जातो. २००४ मध्ये त्याला तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जागा मिळाली. एवढ्या मानाच्या चित्रपटानंतरही तिचं पुढचं बरंचसं काम टीव्हीसाठी झालं. चित्रपट चांगला झाला की पुढचं आपोआप होतं, हे मनातून काढून टाका. मी स्वतः ते बरीच वर्षं मानत होते.

आता निभावून नेलेल्या बायका. अमेरिकेतल्या केली राइकार्टचा पहिला चित्रपट १९९४ चा आणि त्यानंतरचा पूर्ण लांबीचा कथापट 'ओल्ड जॉय' २००६ चा. मध्ये बारा वर्षं. त्या काळात तिने सुपर ८ वर, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या फिल्मवर, अगदी मोजक्या माणसांत छोटे चित्रपट केले. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की पैसे येईपर्यंत वाट पाहण्याऐवजी तिने चित्रपटाचा आकारच हातात मावेल एवढा केला. 'ओल्ड जॉय' म्हणजे दोन मित्र, एक कुत्री, एक जंगल आणि छोटासा चमू. संकलन तिचं स्वतःचं. पुढे बार्ड कॉलेजात शिकवण्याची नोकरी तिने धरून ठेवली आणि मग २००८, २०१०, २०१३, २०१६ असे चित्रपट येत राहिले. नोकरी आणि चित्रपट एकमेकांच्या आड येतात असं तुम्ही गृहीत धरलंय. तिच्या बाबतीत शिकवण्यामुळे घरखर्चाचं ओझं चित्रपटाच्या डोक्यावरून उतरलं.

आसामच्या रिमा दास यांनी तर आकार आणखी लहान केला. 'व्हिलेज रॉकस्टार्स' लिहिला, दिग्दर्शित केला, चित्रित केला, संकलितही केला, सगळं एकटीने, आपल्याच गावातल्या मुलांना घेऊन, काही वर्षं जमेल तसं शूट करत. तो २०१७ मध्ये टोरांटोच्या फेस्टिव्हलला दाखवला गेला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक हा पुरस्कार लक्षात ठेवतात. मी लक्षात ठेवते ते हे, की २०१८ मध्ये त्यांचा पुढचा चित्रपट टोरांटोला हजर होता. काम करण्याची पद्धतच अशी होती, की पुढच्या चित्रपटासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. सगळ्यांनी एकटीने करावं असं मी म्हणत नाही. त्यात शरीर झिजतं, आणि संकलनाच्या टेबलावर दुसरी नजर लागतेच, हे मी माझ्या धंद्यासाठी सांगत नाहीये. पण तुमच्या पटकथेतलं असं काय आहे जे फक्त पैशाने होईल, आणि असं काय आहे जे वेळ दिला तर होईल, याची एकदा पानागणिक विभागणी करा. वेळ तुमच्याकडे आहे.

फ्रान्सच्या आन्येस वार्दाचं एक उदाहरण मी प्रत्येकीला सांगते. ती मूळची फोटोग्राफर. १९५४ मध्ये पहिला चित्रपट करतानाच तिने स्वतःची छोटी कंपनी काढली आणि कलाकार-तंत्रज्ञांना सहकारी तत्त्वावर भागीदार करून घेतलं. सत्तरच्या दशकात मूल लहान असताना तिला लांब जाता येईना. तेव्हा तिने घरातल्या वीजजोडणीपासून केबल जिथवर पोहोचेल तेवढ्याच अंतरात, आपल्या रस्त्यावरच्या दुकानदारांवर माहितीपट केला. बाळंतपण, आजारी आई, मुलाची शाळा यांनी करिअर थांबलं असं मी इतक्यांदा ऐकलंय, आणि त्यात खोटं काहीच नसतं; शूटचं चौदा तासांचं वेळापत्रक आखताना मूल सांभाळणाऱ्या माणसाचा विचार कुणीच करत नाही. पण ती केबल मला धीर देते. निर्माता शोधताना तुमच्या बजेटमध्ये मूल सांभाळण्याचा किंवा आईजवळ माणूस ठेवण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. तो जेवणाच्या आणि गाडीच्या खर्चाइतकाच खरा आहे, आणि मागणं लाजिरवाणं वाटू देऊ नका.

वार्दाच्या कंपनीबद्दल अजून थोडं, कारण तुमच्या लघुपटाच्या वयात कुणी हे सांगत नाही. तिचे बहुतेक चित्रपट तिच्या स्वतःच्या ताब्यात राहिले. उतारवयात ती त्यांचं पुनरुज्जीवन करू शकली, पुन्हा दाखवू शकली, आणि तिच्या घरातून तो कारभार चालला. हक्क ताब्यात नसले तर काय होतं हे मी जवळून पाहिलंय. मी संकलित केलेल्या एका पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शिकेने घाईत करार केला: सर्व माध्यमं, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी. दोन फेस्टिव्हल झाले आणि निर्मात्याचं भागीदाराशी बिनसलं. मास्टर, म्हणजे चित्रपटाची पूर्ण दर्जाची अंतिम प्रत, असलेली हार्ड डिस्क कुणाच्या तरी कपाटात गेली. दुसऱ्या चित्रपटाच्या ग्रँटचा अर्ज भरताना तिथे पहिल्या चित्रपटाची लिंक मागितली होती. तिच्याकडे द्यायला लिंक नव्हती. ट्रेलरची जुनी प्रत होती, तीही वॉटरमार्कची. तिने मला विचारलं, तुझ्याकडे काही उरलंय का? करारात होतं म्हणून मी माझ्याकडचा प्रोजेक्ट वर्षभरानंतर पुसून टाकला होता. त्याची खंत मला आजही आहे.

हे फक्त आपल्या पिढीचं नाही. अलीस गी १८९६ पासून चित्रपट करत होती. फ्रान्समध्ये गोमाँच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागलेली मुलगी, पुढे १९१० मध्ये अमेरिकेत स्वतःचा सोलॅक्स स्टुडिओ काढलेली बाई. म्हातारपणी ती आपलेच चित्रपट शोधत फिरत होती, आणि फार थोडे सापडले. कॅथलीन कॉलिन्सचा १९८२ चा 'लूझिंग ग्राउंड' तिच्या हयातीत थिएटरात लागलाच नाही. १९८८ मध्ये ती गेली. तिच्या मुलीने प्रयत्न केले म्हणून २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. लोडनच्या 'वांडा'ची मूळ रिळंसुद्धा फिल्म धुणारी एक लॅब बंद होत असताना थोडक्यात वाचली.

तेव्हा करारात एवढं मागाच: हक्क ठरावीक वर्षांसाठी, त्यानंतर तुमच्याकडे परत. फेस्टिव्हल, शिक्षणसंस्था आणि तुमचे अर्ज यांसाठी चित्रपट दाखवण्याची कायमची मुभा. पूर्ण दर्जाच्या मास्टरची एक प्रत तुमच्या घरी. श्रेयनामावलीत आणि पोस्टरवर तुमचं नाव कसं येईल हे शब्दांत. अर्धं मानधन सोडावं लागलं तरी चालेल, पण हे सोडू नका. वकिलाला दाखवायला पैसे नसतील तर तुमच्याआधी करार केलेल्या दिग्दर्शिकेला दाखवा. बायका हे एकमेकींना सांगतात. मला तरी कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. एका जागेहून सगळा पैसा येईल अशी आशा धरू नका. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ मध्ये कानच्या फेस्टिव्हलला ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. त्यामागे फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग असे अनेक देश होते. अशा सहनिर्मितीत अनेकदा त्या-त्या देशाचा पैसा त्याच देशात खर्च करावा लागतो. म्हणजे साउंड मिक्स एकीकडे, कलर ग्रेडिंग दुसरीकडे. वर्षं जातात त्यात. फेस्टिव्हलांच्या मार्केटमध्ये पिच करताना, म्हणजे चित्रपटाची कल्पना मांडताना, भेटणाऱ्या सहनिर्मात्याला पहिला प्रश्न हा विचारा, की तुमच्या आधीच्या दिग्दर्शिकेला तुमच्यासोबत दुसरा चित्रपट करायचाय का. उत्तर आलं नाही तर तिलाच फोन लावा.

सेटवरच्या वागणुकीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. छायालेखक निवडताना शोरीलइतकंच (आधीच्या कामाच्या तुकड्यांइतकंच) हे पाहा, की गॅफरने (प्रकाशयोजनेच्या प्रमुखाने) किंवा आर्ट डायरेक्टरने तुमच्याऐवजी त्याला प्रश्न विचारला तर तो काय करतो. जो मान तुमच्याकडे वळवून म्हणतो, "त्यांना विचारा," त्याला घ्या. फुटेज पाहताना मला हे ऐकू येतं, कारण क्लॅपच्या आधी आणि 'कट'नंतर आवाज चालूच असतो. ज्या सेटवर सगळे प्रश्न कॅमेऱ्याकडे गेले, त्या चित्रपटात दिग्दर्शिकेने मागितलेला शॉट बहुतेकदा सापडतच नाही.

आणि नोकरी. आज सोडू नका. शूटचे आठवडे आणि संकलनाचे पहिले दोन महिने यांसाठी बिनपगारी रजा मागा, नाही दिली तर तेव्हा सोडा. सध्याची नोकरी डोकं पूर्ण खात असेल तर तिच्याऐवजी चित्रपटाच्या आसपासचं काम शोधा. अमेरिकन दिग्दर्शिका आव्हा डुव्हर्ने आधी चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करत होती. चित्रपट प्रेक्षकापर्यंत कसा जातो हे तिला तिथेच कळलं. स्वतःच्या पैशांनी पहिला कथापट केला आणि त्याच सुमाराला, २०१० मध्ये, वितरणाची संस्थाही काढली. पुढचा 'मिडल ऑफ नोव्हेअर' २०१२ मध्ये सनडान्स फेस्टिव्हलला दिग्दर्शनाचा पुरस्कार घेऊन गेला. सबटायटल, पटकथावाचन, फेस्टिव्हलची निवड, शिकवणं, संकलन, यांतलं काहीही चालेल, फक्त दुसऱ्या पटकथेसाठी सकाळचे दोन तास उरले पाहिजेत. आणि ती दुसरी पटकथा पहिल्याच्या साउंड मिक्सपर्यंत निदान वीस पानं झालेली असू द्या. फेस्टिव्हलमध्ये "पुढे काय करताय?" असं विचारणारी माणसं त्या आठवड्यातच भेटतात. नंतर त्यांना मेल पाठवावे लागतात.

जाता जाता मीच एक विचारते. तुमच्या १८ मिनिटांच्या लघुपटाची मूळ फाइल, साउंडचे वेगळे ट्रॅक, सबटायटलची फाइल आणि संगीताच्या परवानगीचा कागद आत्ता कुणाकडे आहे? संकलकाकडे असेल तर आजच मागून घ्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा.