‘बर्सर्क’मधले देव इतके भयंकर आहेत, तर ही मँगा (जपानी चित्रकथा) वाचायला घ्यावी का? आणि पहिले तीन खंड गाळले तर चालतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचं तिथेच फसतं. तुमच्या मित्राचा सल्ला (‘पहिले तीन खंड टाकाऊ आहेत, थेट फ्लॅशबॅकपासून सुरू कर’) ऐकू नका. हाच सल्ला मलाही मिळाला होता. तो मी ऐकला नाही, पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. मित्राकडे तेव्हा फक्त पहिला खंड होता, म्हणून तो घेतला. पहिल्या तीन-चार पानांतच जे चित्र येतं ते बघून पुस्तक मिटलं आणि परत नेऊन दिलं. वाटलं, रक्त आणि नागडेपणा विकणारं आणखी एक काहीतरी. पुन्हा हातात घ्यायला दोन वर्षं गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंतारो मिउरा या जपानी चित्रकाराची ही मालिका १९८९ साली मासिकातून सुरू झाली. जग मध्ययुगीन युरोपसारखं आहे: किल्ले, भाडोत्री सैनिक, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली लढाई. नायक गट्स. एक डोळा गेलेला, एक हात लोखंडी, आणि खांद्यावर तलवार म्हणायला जीभ धजणार नाही असा लोखंडाचा पत्रा. मानेवर एक डाग दिलेला आहे, जनावराला देतात तसा. त्या डागामुळे रोज रात्री भुतं त्याचा माग काढत येतात, त्यामुळे या माणसाला सलग झोप अशी नाहीच. तो अपॉस्टल नावाच्या राक्षसांना शोधून मारत हिंडतो. हे अपॉस्टल एके काळी माणसंच होती. त्यांच्या वर चार-पाच जणांचं एक मंडळ आहे, गॉड हँड. तुम्ही विचारलेले ‘राक्षसी देव’ ते हेच.

दिसायला ते भयंकर आहेतच. व्हॉइड नावाच्याची कवटी फुगून मेंदू उघडा पडलेला, पापण्या शिवलेल्या, ओठ मागे ओढलेले. पण दिसण्याची भीती दहा पानांत सरते. या देवांची खरी भीती आहे ती त्यांच्या रीतीची. आणि ती रीत तिसऱ्या खंडात कळते, म्हणून तो गाळायचा नाही. (पुढच्या दोन परिच्छेदांत त्या खंडातलं बरंच फुटणार आहे. नको असेल तर उडी मारा.)

दुसऱ्या-तिसऱ्या खंडात एक काउंट आहे. प्रजेला पाखंडी ठरवून मारणारा, माणसं खाणारा, गोगलगायीसारखा लिबलिबीत राक्षस. त्याला एक लहान मुलगी आहे, तेरेसिया, जिला त्यानं ‘बाहेर धोका आहे’ म्हणून वर्षानुवर्षं खोलीत कोंडून ठेवलंय. गट्स त्याला मरणाच्या दारात आणून सोडतो. काउंटजवळ एक बेहेलिट असतं. बेहेलिट म्हणजे अंड्याच्या आकाराची एक वस्तू. तिच्यावर नाक, डोळे, तोंड असतं, पण भलत्याच जागी, लहान मुलानं चिकटवल्यासारखं. काउंटचं रक्त त्यावर पडतं, ते अवयव सरकत सरकत जागेवर येतात, चेहरा तयार होतो, आणि तो चेहरा किंचाळतो. मग देव येतात. वाचवतो म्हणतात. अट एकच: तुझं सर्वांत प्रिय माणूस आम्हाला दे. म्हणजे ती मुलगी, जी तिथेच उभी आहे.

आणि तो देत नाही. इतकी माणसं गिळलेला हा प्राणी पोरीकडे बघतो आणि त्याच्या तोंडून तो शब्द निघत नाही. देव रागावत नाहीत, जबरदस्ती करत नाहीत. त्यानं मारलेल्यांचे हात खालून येतात आणि त्याला ओढून नेतात, बस. त्यानंतर ती मुलगी गट्सला म्हणते, मी तुला मारीन. तो तिला डिवचतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. मग मिउरा त्याचा चेहरा फक्त आपल्याला दाखवतात. तो रडत असतो. इतका वेळ ज्याला आपण निव्वळ खाटीक समजत होतो तो माणूस.

आता हा फ्लॅशबॅक, म्हणजे गट्सच्या भूतकाळाची गोष्ट. तिसऱ्या खंडाच्या शेवटाकडे सुरू होतो आणि चांगला चौदाव्यापर्यंत जातो. त्यात राक्षस जवळपास नाहीतच. आहे ती भाडोत्री सैनिकांची एक टोळी, तिच्यातली थट्टामस्करी, शेकोट्या, लढाया, आणि एकमेकांवर जीव टाकणारी माणसं. तुमचा मित्र म्हणतो ते इथे खरं आहे, हा भाग फार सुंदर आहे. पण बाराव्या खंडात काउंटला विचारलेला तोच प्रश्न दुसऱ्या एका माणसाला विचारला जातो. तो कोण हे सांगत नाही, इंटरनेटनं ते गुपित केव्हाच फोडलेलं असलं तरी. देव त्याला धाक दाखवत नाहीत, फसवतही नाहीत. त्याचंच आयुष्य त्याच्यासमोर मांडतात: गल्लीतून एक पोरगा लांबच्या किल्ल्याकडे धावत निघालाय आणि पायाखालचा रस्ता प्रेतांचा आहे. इतकी प्रेतं तू आधीच घातलीस, आणखी थोडी घातलीस की पोचलास. आणि हा माणूस, ज्याच्यावर आपण नऊ खंड प्रेम केलं, हो म्हणतो. काउंट नाही म्हणाला होता. तिसरा खंड गाळला की ही तुलनाच तुमच्या हातातून जाते.

मला हे वाचताना सारखा नवस आठवत होता. आपल्याकडे आधी काम होतं, मग फेड. शिवाय काय द्यायचं ते आपणच ठरवतो: नारळ, पेढे, फार तर पोराच्या वजनाइतका गूळ. देवाशी थोडी घासाघीसही चालते. बर्सर्कमध्ये फेड आधी आहे आणि नारळावर भागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हे सगळं घडतं ग्रहणात, दर २१६ वर्षांनी येणाऱ्या. माझ्या लहानपणी ग्रहण लागलं की आजी खायच्या पदार्थांवर तुळशीपत्र ठेवायची आणि रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिरान’ अशी आरोळी जायची. आजी सुपातून धान्य घालायची. बाराव्या खंडाच्या त्या पानावर, जिथे काळ्या सूर्याखाली जमिनीतून एक अवाढव्य हात वर येतो आणि त्याच्या बोटांच्या टोकांवर ते देव उभे असतात, मला ती आरोळी ऐकू आली. दान मागायला ग्रहणच दारात आलं होतं.

चित्रांबद्दल एवढंच सांगतो की घाईनं पानं उलटू नका. त्या ग्रहणाच्या पानांवर जमीन म्हणून जे दिसतं ते नीट बघा, ते चेहरे आहेत. एकेका चेहऱ्याला बारीक रेघांची छटा दिलेली. हे करायला किती वेळ लागत असेल ते मालिका इतकी रेंगाळली त्यावरून कळतं. पुढे गट्सची मंडळी बोटीत बसली तर कित्येक वर्षं उतरेनात. वाचकांमध्ये त्या बोटीवरून अजून विनोद चालतात.

आता भीतीबद्दल. भुताखेतांची तुम्हाला किती धास्ती आहे माहीत नाही, पण इथे त्रास होतो तो लैंगिक हिंसेचा, आणि ती भरपूर आहे. गट्सच्या बालपणातही आहे. ग्रहणात कास्का या टोळीतल्या सर्वांत कर्तबगार बाईच्या वाट्याला जे येतं ते वाचून मी पुस्तक दोन दिवस उघडलं नव्हतं. ते प्रसंग कथेला लागतात असं म्हणणारे आहेत. मला वाटतं काही लागतात, काही मिउरांनी तरुण वयात नुसते धक्का द्यायला काढलेत. आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे: त्या प्रसंगानंतर कास्काची मती जाते आणि ती परत यायला प्रकाशनाच्या हिशेबानं वीसेक वर्षं लागतात. तेवढा काळ एक सेनापती बाई नुसती सांभाळायची वस्तू होऊन राहते. मालिका मला कितीही आवडत असली तरी हे मला पटलेलं नाही. हे विषय तुम्हाला सोसत नसतील तर सरळ नका वाचू, त्यात काही कमीपणा नाही.

वाचलीतच, तर तेरावा खंड संपल्यावर ८३वं प्रकरण शोधा. मासिकात ते आलं होतं, पण फार लवकर फार काही उघड होतं म्हणून मिउरांनी पुस्तकातून काढून टाकलं. त्यात या देवांच्याही वरचा देव भेटतो. तो म्हणतो, मला माणसांनीच घडवलं. आपल्या दुःखाला काहीतरी कारण हवं होतं त्यांना, कोणीतरी हे लिहून ठेवलंय असं हवं होतं. ‘प्रारब्ध’ हा शब्द ज्या घरांत दिवसातून चारदा निघतो तिथल्या माणसाला हे जरा जास्तच लागतं. पुस्तकातून ते गाळलं हे मात्र बरं झालं. देवाचा चेहरा न दिसता जास्त भीती वाटते.

मालिका अर्धवट आहे का, हेही तुम्ही विचारलंय. मिउरा ६ मे २०२१ला गेले, महाधमनी फाटून, वयाच्या ५४व्या वर्षी. बातमी बाहेर आली २० तारखेला. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट होती, रोज कोणी ना कोणी ओळखीचं जात होतं, आणि तरीही त्या दुपारी एका न भेटलेल्या जपानी माणसासाठी मला वेगळं रडू आलं. त्यांनी कोणालाच शेवट सांगितला नाही असंच वाटत होतं. पण कोजी मोरी या त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राला त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सगळी गोष्ट ऐकवली होती. मोरी स्वतः मँगाकार आहेत. २०२२च्या जूनपासून त्यांच्या देखरेखीखाली मिउरांचेच सहायक, स्टुडिओ गागा, ती पुढे काढताहेत. मोरींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की मिउरा मला जे बोलले तेवढंच येईल, मी पदरचं घालणार नाही. त्यामुळे नवी प्रकरणं जरा कोरडी, भराभर सरकणारी आहेत. मिउरांच्या हातचं ४१व्या खंडात संपतं. मी पुढचंही वाचतो. मित्रानं मित्राची गोष्ट आठवून सांगावी, तसं ते वाचायचं.

पुस्तकांचं म्हणाल तर इंग्रजीत डार्क हॉर्सनं काढलेली जाड, मोठ्या पानांची आवृत्ती घ्या, एकात तीन खंड येतात. पानं उजवीकडून डावीकडे, उर्दू पुस्तकासारखी. आम्ही घेतली तेव्हा छापील किंमत ५० डॉलर होती, म्हणजे आपल्या खिशाला चांगलीच चाट. आम्ही तिघांनी वर्गणी काढून एकेक घेतलं. पहिलं पुस्तक म्हणजे नेमके ते तीन खंड, त्यामुळे आवडलं नाही तर तिथेच थांबता येईल. पण चौथं मागवाल तेव्हा पाचवंही सोबत मागवा. चौथं बाराव्या खंडाशी संपतं, म्हणजे ग्रहणाच्या ऐन मध्यावर. आम्ही एकच मागवलं होतं. पुढचं पार्सल यायला अकरा दिवस लागले, आणि आमच्यातला एक जण रोज सकाळी ट्रॅकिंग नंबर टाकून बघायचा.