आधी उचल मिटव, मग झोपेचं बघू

भावा, तुझी पोस्ट काल वाशीला गाडी खाली होत असताना वाचली. ट्रकची कोल्हापूर-चेन्नई लाइन, कास्टिंगचा म्हणजे ओतीव लोखंडी भागांचा माल, पावणेतीन महिने घर नाही, पोरगं कडेवर यायला तयार नाही, स्टेअरिंगवर बसलं की धडधडतं आणि उतरलं की कुणाशी बोलावंसं वाटत नाही. खाली मंडळींनी प्राणायाम सांगितलाय, व्हिडिओ कॉल सांगितलाय. चांगलंच आहे ते. पण तू शेवटी जाता जाता लिहिलंयस की मालकाकडून 50 हजार उचल, म्हणजे पगारापोटी आगाऊ पैसे, घेतलीय म्हणून सुट्टी मागायला तोंड नाही. त्यावर कुणीच काही बोललं नाही. माझ्या मते तुझं दुखणं तिथंच आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. एकोणीस वर्षं गाडी चालवतोय, त्यातली बारा लांबच्या लाइनवर. पाणी पी, गुटखा सोड, जागं राहायच्या गोळ्या घेऊ नको, हे तुला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

माझी चूक सांगतो. 2018 ला घरावर पत्रा घालायला 60 हजार उचल घेतली. तेव्हा मी गूळ भरून गुजरातला जायचो आणि येताना वापीकडून मिळेल तो माल. ऑफिसात एका वहीत आकडा लिहिला, मी सही केली. माझ्याकडं कागद काही नाही. पुढं दर हिशोबाला काहीतरी निघायचंच. कधी शॉर्टेज म्हणजे माल कमी भरला, कधी ताडपत्री फाटली, कधी डिझेलचं अ‍ॅव्हरेज बसलं नाही. दीड वर्षानं विचारलं तर 52 हजार शिल्लक! एवढ्या खेपा मारून आठ हजार फिटले म्हणायचे. पैसे गेले ते गेले, त्याचं एवढं काही नाही. उचल अंगावर असली की "नाही" म्हणायची ताकद जाते. रिटर्न भाडं आलं, जा. रात्री निघ, निघालो. हिशोब झाला की सुट्टी, आणि हिशोब कधी होतच नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये मी वापीला भाड्याची वाट बघत उभा होतो. आमचं गाव कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी, आंबेवाडी-चिखलीकडचं. बायकोचा फोन आला, पाणी गोठ्यात शिरलंय. आई म्हणत होती, 2005 ला उंबऱ्यापर्यंत आलेलं, यंदा पण तेवढंच येईल. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. मी ऑफिसला फोन केला, गाडी इथं लावतो, मिळेल त्या एसटीनं निघतो. तिकडून उत्तर आलं, "गाडी सोडायची तर आधी उचल भर." एवढंच बोलून फोन ठेवला. माझ्या खिशात खर्चीचे सतराशे रुपये होते.

मी थांबलो. बायको, दोन पोरं आणि आई बोटीतून बाहेर निघाली. म्हैस दावं कापून सोडली, ती परत दिसली नाही. मी अकरा दिवसांनी घरी पोचलो. मोठी पोरगी तेव्हा आठ वर्षांची, दारात चिखल काढत होती. मला बघून "पप्पा आले" असं आत सांगितलं आणि परत कामाला लागली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

आता खरं बोलायचं तर मी निघालो असतो तरी गावात पोचलो नसतो. शिरोलीजवळ हायवेच आठवडाभर बंद होता, ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. बायकोलाही हे कळतं. पण मी निघालोच नाही, आणि ते तिनं आजवर एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यानंतर वर्षभर मला झोप लागली की म्हशीचं हंबरणं ऐकू यायचं. कामाच्या ताणानं माणूस आतून असा थकून जातो, त्याला बर्नआउट म्हणतात हे मला लई उशिरा कळलं, मी आपला पित्त समजून गोळ्या खात होतो.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो. या खेपेला खाली झालास की ऑफिसात बस आणि उचलीचा हिशोब लिहून माग. घेतले किती, कापले किती, कशाचे, बाकी किती. नाही दिला तर तू तुझा लिहून त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, "माझ्या हिशोबानं एवढी बाकी, चूक असल्यास कळवा" एवढंच. भांडू नको, आवाज चढवू नको. तारखेसकट लेखी गेलं की गोष्ट बदलते. दर खेपेची माल पोचल्याची पोच, वजनकाट्याची पावती, डिझेलचं बिल, सगळ्यांचे फोटो. कुठं जमलं तर सोसायटीतून, भावाकडून, बायकोच्या बचत गटातून रक्कम उचलून मालकाची एकदाच फेडून टाक. बचत गटाचं व्याज लागलं तरी परवडतं, तो गट तुला वापीला अडवून ठेवत नाही. (सगळेच मालक असे नसतात. माझा आत्ताचा मालक सणाला स्वतः फोन करून गाडी लाव म्हणतो.)

दुसरं, ऑफिसवाला तुला "दोन दिवसात चेन्नई गाठ, नाहीतर ई-वे बिल संपेल" म्हणून पळवतो असं लिहिलंयस. हे वाचून डोकंच फिरलं. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते. 2021 पासून ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. चेन्नई साडेनऊशे धर, म्हणजे पाच दिवस. शिवाय रस्त्यात अडचण आली तर मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तासांत ती वाढवता येते, आणि ते काम ट्रान्सपोर्टवाल्याचं आहे. फार मोठ्या अवजड मालाचा नियम वेगळा, पण कास्टिंगच्या पेट्यांना तो लागत नाही. पार्टीला माल लवकर पाहिजे असेल तर तसं सांगावं, सरकारच्या नावानं कशाला घाबरवायचं? आणि 1961 च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. आमच्या लाइनवर ते वाचलेला माणूस मला तरी भेटला नाही.

झोपेचं थोडक्यात. पहाटे दोन ते पाच गाडी उभी कर, मग कोण काय बोलतंय ते बोलू दे. त्या वेळेला चहा, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी, कशाचाही उपयोग नाही. टायर बदलायला पैसे आहेत, डोळ्याला नाहीत, असलं गणित मी पण केलंय. निपाणीजवळच्या तवंदी घाटात एकदा कठड्याला घासून थांबलो तेव्हा ते गणित सुटलं.

पोराचं म्हणशील तर घरी गेल्या गेल्या त्याला ओढू नको. माझा धाकटा तीन दिवस लांबून बघायचा. चौथ्या दिवशी मी गाडीचा हवेचा गेज दिला हातात, मग आला. आणि फोनवर "पोचलो, झोपतोय" असं चालत्या गाडीतून खोटं सांगू नको. बायकांना इंजिनचा आवाज कळतो.

पोस्टमध्ये तू "कधी कधी वाटतं स्टेअरिंग सोडून द्यावं" असं लिहिलंयस. नोकरी सोडायची म्हणत असशील तर ठीक. दुसरं काही मनात असेल तर गाडी लाव आणि 14416 ला फोन कर. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी 2022 च्या शेवटी, ते नवीन सुरू झालेलं तेव्हा, एकदा केला होता, कागलच्या पुढं धाब्यावर उभा राहून. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "गाडी बंद आहे ना?" मला हसू आलं.

मी आता वाशीच्या लाइनवर आहे. पगार चार हजारानं कमी, पण आठवड्यात तीन रात्री घरी. सगळ्यांना ते जमेल असं नाही, तुझ्यावर हप्ते किती आहेत मला माहीत नाही.

ई-वे बिलाचा फोटो टाक, नंबर आणि पार्टीचं नाव झाकून. तारखा बघून सांगतो. उद्या दुपारपर्यंत घरी पोचेन, त्याआधी उत्तर नाही आलं तर गाडीवर आहे समज.