बॉक्सिंगच्या वेल्टरवेट वजनगटात प्रो व्हायचंय? आधी वजनाचं बघ

वेल्टरवेटची मर्यादा 147 पौंड, म्हणजे 66.68 किलो. वजन बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी घेतात आणि नवी पोरं इथेच गोत्यात येतात. एरवीचं वजन 75-76 असताना शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी तोडून, सॉनात, म्हणजे घाम काढणाऱ्या गरम खोलीत बसून नऊ किलो उतरवायचा वेडेपणा करू नकोस. वजन झाल्यावर पाणी प्यायलं की बरं वाटतं, पण एका रात्रीत शरीर पुरतं सावरत नाही. तिसऱ्या राउंडलाच पाय जड होतात आणि डोक्यावरचा मार जास्त धोक्याचा ठरतो. सरावाच्या काळातच 70-71 वर राहा. ते जमत नसेल तर सरळ वरच्या, 154 पौंडांच्या गटात खेळ, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं, ग्लोव्हज. स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, 16 औंसांत होतं, लढत 8 औंसांत. जाड ग्लोव्हजमागे चेहरा झाकून जातो, त्यामुळे गार्ड, म्हणजे हातांचा बचाव, पक्का आहे असं वाटतं. लढतीत तोच ठोसा दोन हातांच्या फटीतून आत येतो. म्हणून नुसतं झाकून घेण्यावर विसंबू नकोस. डोकं हलव, अर्धं पाऊल बाजूला सरक, कोपर बरगडीला चिकटलेलं ठेव.

पदार्पण साधारण चार राउंडांचं असतं, जागतिक किताबाची लढत बाराची. घाईने आठवर उडी नको.

आणि मॅनेजरच्या करारावर सही करण्याआधी मुदत, टक्केवारी आणि वैद्यकीय खर्च कोणाचा, हे वकिलाकडून वाचून घे.