नाना, घाट कसा उतरायचा? सायकलवाल्यांच्या पत्रांना उत्तरं

दिवाळीच्या बोनसमध्ये 29 इंची चाकाची, पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घेतली. हायवेवर चालवून कंटाळा आला. सातपुड्यातल्या जंगलवाटांवर न्यायची आहे. पालच्या बाजूला सरळ जंगलात शिरलो तर चालतं का? – एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

नाही चालत, साहेब. पालच्या आसपासचं बरंच जंगल यावल अभयारण्यात येतं. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने जा-ये करायला कोणी अडवत नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रस्ता सोडून पाऊलवाटेला लागायचं तर वनखात्याची परवानगी हवी. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, कुठली वाट मोकळी आहे ते विचारा आणि मिळेल ते लेखी घ्या. गावातला कोणी 'बिनधास्त जा भो' म्हणाला, तर ती परवानगी नव्हे.

तोवर रिकामं बसू नका. तुमच्या दारातच हतनूर धरणाचे कालवे आहेत. जिथे पाटाच्या कडेच्या रस्त्याने गावकरी ये-जा करतात तिथे पंधरा दिवस चालवा, हात बसेल. मग फैजपूर-खिरोद्याकडून डोंगराच्या दिशेने सुटा. मुख्य रस्त्याला लागू नका, शेतरस्ते धरा. चाकाखालची जमीन कशी बदलते ते बघण्यासारखं आहे. आधी काळी माती आणि केळीच्या बागा लागतात. डोंगर जवळ आला की माती संपते आणि गोटे सुरू होतात. आमच्याकडे त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यातून सुटलेल्या नद्यांनी हजारो वर्षं दगड-वाळू आणून पायथ्याशी टाकली, तिचाच हा थर. त्यात पाणी झिरपून खाली जातं, म्हणून डोंगरात खळाळणारा नाला इथे येऊन कोरडा दिसतो.

नवा माणूस पडतो तो बहुतेक ह्या कोरड्या नाल्यांतच. नारळाएवढा गोल गोटा चाकाखाली येतो आणि फिरतो. माणूस घाबरून पुढचा ब्रेक आवळतो, पुढचं चाक रुततं आणि स्वारी हँडलवरून पलीकडे. वेग नाल्यात उतरायच्या आधीच कमी करा. एकदा गोट्यांत गेलात की ब्रेक सोडा, सीटवरून उठा, गुडघे-कोपरं सैल ठेवा आणि एक गिअर हलका ठेवून पायडल मारत राहा. सायकल थोडी इकडेतिकडे जाणारच, जाऊ द्या. नजर मात्र पलीकडच्या काठावर हवी. गोट्याकडे बघाल तर गोट्यावरच जाल.

हंगाम म्हणाल तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. पुढे साग पान टाकतो. परातीएवढ्या त्या पानांखाली दगड आहे की खड्डा, काही कळत नाही. शिवाय 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ, जंगलात विडी-काडी नकोच. त्यातच मोहाची फुलं पडतात आणि ती खायला अस्वल येतं. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणावर तुम्ही दोघंही एकदमच एकमेकांना दिसाल. हँडलला साधी टिंगटिंग घंटी लावा आणि आंधळ्या वळणाआधी वाजवा. मोबाईलवर गाणी लावून जंगलात हिंडणाऱ्यांना मी दुकानातून विकत काही देत नाही, हे आपलं जाता जाता.

आठवड्यातून दोनदा पंक्चर! बाभळीच्या काट्यांनी जीव नकोसा केलाय. ट्यूबलेस करू की जाड ट्यूब टाकू? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जळगाव

काटा बाभळीचाच आहे हे बघितलंस का? मला शंका सराट्याची आहे. शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत जमिनीलगत पसरतो, पिवळं फूल येतं. त्याचं वाळलेलं फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर असतोच. बाभळीचा एक काटा एक भोक पाडतो. सराट्यातून सायकल काढलीस तर एका फेऱ्यात दहा भोकं होतील. जाड ट्यूबने वजन वाढेल, पंक्चर थोडीच कमी होतील.

ट्यूबलेस कर, पण आधी रिम त्या कामाची आहे का ते तपासून घे. 29 इंची टायरमध्ये साधारण 100 मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, लागतं. पाकिटावर काही लिहिलेलं असो, आपल्या उन्हात ते लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर (आतली पिन) काढून आत पातळ काडी घालून बघ. काडी कोरडी निघाली तर भर. काटा घुसलेला दिसला की लगेच उपटू नकोस, घरी येईपर्यंत तोच बूच असतो. घरी उपट आणि लगेच चाक फिरव, म्हणजे सीलंट भोकापाशी पोचेल.

हवा कमी ठेव. तुझं वजन 70 किलोच्या आसपास असेल तर सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला 22 ते 26 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ झाले, मागे दोन जास्त. पेट्रोलपंपावर 50 भरून गोट्यांवर गेलास तर सायकल उड्या मारेल आणि दोष सस्पेन्शनला देशील.

मुलगा दहावीत आहे. मित्रांबरोबर तोरणमाळला गाडीतून सायकली नेऊन घाट उतरत येणार म्हणतो. नाही म्हटलं तर रुसतो. काय करू? – एक आई, शहादा

ताई, 'नाही' म्हणू नका, 'सायकल आधी दाखव' म्हणा. तोरणमाळ सुमारे 1150 मीटर उंच आहे आणि त्यातला मोठा उतार सात पायरी घाटाच्या वळणांत आहे. अशा उतारावर सस्पेन्शनपेक्षा ब्रेक महत्त्वाचा.

मागचं चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा. लिव्हर हँडलच्या दांड्याला टेकत असेल तर सायकल घरीच. डिस्क ब्रेक असेल तर मेकॅनिककडून पॅड काढून बघा. पत्र्यावरचा मसाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पॅड बदला. रेझिनचे पॅड सलग उतारावर तापले की पकड सोडतात. मेटलचे तग धरतात, पण काही स्वस्त डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं इंग्रजीत कोरलेलं असतं, तिथे मेटल चालत नाही. चकती काढून उन्हात धरली की ती अक्षरं दिसतात.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक घट्ट दाबायचे, वेग पाडायचा, वळणात सोडायचे. दर दोन-तीन वळणांनी थांबून ब्रेक निवू द्यायचा. चकतीला बोट लावून बघायचं नाही, चांगलंच भाजतं. आणि आपली बाजू सोडायची नाही, वर येणाऱ्या जीपचा ड्रायव्हर पोरांसाठी वळण सोडणार नाही. हेल्मेट-हातमोज्यांचं मी वेगळं सांगत नाही. हे सगळं कबूल असेल, बरोबर एक मोठा माणूस गाडी घेऊन मागे असेल आणि पोरं उजेडात निघणार असतील तर जाऊ द्या.

ई-सायकल घेऊ का? वय 61. – शिरपूर

घ्या की. फक्त बॅटरीचं वजन उताराला जाणवतं, म्हणून ब्रेक हायड्रॉलिकच, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, बघा. आणि नाल्यात पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, वर असेल तर सायकल उचलून न्या. उचलवत नसेल तर परत फिरा.

गावामागच्या टेकडीवर आम्ही पोरं सायकलसाठी वाट पाडतोय. कुदळ-फावडं घेऊन सुरुवातही केली. सरळ माथ्यावरून खाली काढली, पण पहिल्याच पावसात तिचा नाला झाला. – साक्री तालुका

पाण्यालाही सरळ खालीच जायचं असतं, भावा. वाट आडवी काढ. टेकडीच्या बाजूचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्यापेक्षा वाट जास्त तीव्र नको. शिवाय सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे 100 मीटर चालल्यावर 10 मीटरपेक्षा जास्त चढायचं नाही. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेव, पाच टक्के पुरे. आणि दर वीस-तीस पावलांवर वाटेला एक बुटकी लाट दे: जरा खाली, मग परत वर. खालच्या जागी पाणी वाट सोडून बाहेर पडतं. सायकल चालवायला मजाही तिथेच येते.

समपातळी कशी धरायची ते तुमच्याकडे कोणालाही विचार. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खोदले असतील. तीन काठ्यांची ए-फ्रेम, मध्ये दोरीला बांधलेला दगड, एवढ्यावर ते आखतात. मात्र त्याच चरांच्या बांधावरून सायकली नेऊ नका. बांध फुटला तर गावाचं पाणी गेलं.

आता खरी गोष्ट. टेकडी कोणाची? राखीव जंगल असेल तर 1927 च्या वन कायद्याखाली तिथे कुदळ मारणं गुन्हा आहे, सायकल हौसेची असली तरी. गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाला असेल तर विषय ग्रामसभेत न्या. तुमच्याच तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती गावाने जंगल राखलं म्हणून, आणि तिथे नियम गावाने केले. ग्रामसभेत बायकांना आधी विचारा. सरपणाची वाट, पाण्याची वाट, गुरांची वाट त्यांना ठाऊक असते. तुमची सायकलवाट त्यातल्या एखादीला छेदत असेल तर तिथे वळण देऊन वेग कमी करा, डोक्यावर मोळी घेतलेली बाई बाजूला उडी मारू शकत नाही.

पाटणादेवीला श्रावणात सायकलने जायचं आहे. चिखलाचं काय? – चाळीसगाव

डांबरी रस्त्याने जा, चांगलं होईल. कच्च्याने गेलात तर काळी माती टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याच्या) मध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं. मग चमचा नाही, काडी नाही, बोटांनी खरवडत बसायचं. आणि मंदिराच्या पुढचं जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्याचं आहे, म्हणजे पहिल्या पत्रातलं परवानगीचं उत्तर तुम्हालाही लागू. परत आल्यावर प्रेशर पंपाने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली, ब्रश आणि साखळीला दोन थेंब तेल.